‘खराब हवामान’ एवढ्यावर बातमी थांबवू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

धुक्याच्या किंवा वादळी पावसाच्या दिवशी एक वाक्य वृत्तपत्रांत हमखास असते : ‘खराब हवामानामुळे अमुक विमाने अन्यत्र वळवण्यात आली.’ दुसऱ्या दिवशी पाठपुरावा येतो. त्यात एक प्रवासी सांगतो की आकाश स्वच्छ होते, दुसरा सांगतो की दुसऱ्या कंपनीचे विमान त्याच सुमारास उतरले, आणि शेवटी ‘हवामानाचा अंदाज चुकला’ असा निकाल लागतो. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या असूनही तिसरी खोटी असू शकते. तसे बहुतेक वेळा का होते, हे वाचकांपुढे यावे म्हणून हे पत्र.

वैमानिकाकडे हवामानाचे जे कागद येतात, त्यांत दोन मुख्य. एक मेटार, म्हणजे विमानतळावर घेतलेल्या निरीक्षणाचा अहवाल. तो दर तासाला किंवा दर अर्ध्या तासाला निघतो. मध्येच दृश्यमानता ८००, १५०० किंवा ३००० मीटरची पायरी ओलांडून खाली-वर गेली, वारा एकदम फिरला किंवा गडगडाट सुरू झाला, तर स्पेसी नावाचा खास अहवाल काढतात. दुसरा कागद टॅफ, म्हणजे त्याच विमानतळाचा अंदाज, किमान ६ आणि कमाल ३० तासांचा. मेटार झालेले सांगतो, टॅफ होऊ घातलेले. बातमीत मात्र दोन्ही ‘हवामान विभागाच्या माहितीनुसार’ या एकाच पोत्यात जातात, आणि सहाचा अहवाल नऊच्या घटनेला लावला जातो. शिवाय दोन्हींवरची वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. आकड्यांपुढचे ‘झेड’ हे अक्षर तेच सांगते. ती स्थानिक वेळ समजून छापली की बातमी काही तासांनी चुकते, आणि धुक्याच्या बाबतीत काही तास इकडेतिकडे झाले की सगळे चित्रच वेगळे असते.

एक नमुना घेऊ : ‘१४०२३०झेड ०००००केटी ०३५० आर२७/०५५०एन एफजी व्हीव्ही००१ १४/१४ क्यू१०१३ नोसिग’. महिन्याची १४ तारीख, वेळ २ वाजून ३० मिनिटे. वारा शांत. दृश्यमानता ३५० मीटर. २७ क्रमांकाच्या धावपट्टीवरची दृश्यता ५५० मीटर. पुढचा ‘एन’ सांगतो की ती वाढतही नाही, घटतही नाही. एफजी म्हणजे धुके. आकाश दिसतच नसल्याने ढगांच्या जागी उभी दृश्यमानता दिली आहे, १०० फूट. तापमान १४ अंश, दवबिंदूही (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे थेंब होऊ लागतात तो) १४. दाब १०१३ हेक्टोपास्कल. शेवटच्या ‘नोसिग’चा अर्थ, पुढच्या दोन तासांत लक्षणीय बदल अपेक्षित नाही. या एका ओळीत तेवढाच शब्द अंदाजाचा, बाकी सारे निरीक्षण.

यात पाहण्याच्या अंतराचे दोन आकडे आहेत, ३५० आणि ५५०, आणि सगळा गोंधळ या दोहोंत आहे. ३५० ही सर्वसाधारण दृश्यमानता : विमानतळाच्या परिसरात किमान अर्ध्या भागात निदान इतके दूरचे दिसते. ५५० हा आकडा धावपट्टी दृश्यतेचा, ज्याला वैमानिक आणि नियंत्रक आरव्हीआर म्हणतात. मध्यरेषेवरच्या विमानात बसलेल्या वैमानिकाला धावपट्टीच्या खुणा किंवा कडेचे दिवे किती अंतरापर्यंत दिसतील, ते ती सांगते. तिचे गणित तीन गोष्टींवर चालते : हवा किती पारदर्शक आहे, मागचा उजेड किती आहे आणि दिवे किती प्रखर लावले आहेत. म्हणून धुके तेच असले तरी दिवे वाढवले की आकडा वाढतो, आणि पहाटे उजाडू लागले की दिवे फिके पडून तो घटूही शकतो. ‘३५० मीटरमध्ये विमान उतरवून प्रवाशांच्या जिवाशी खेळ’ अशी बातमी छापण्यापूर्वी तो ३५० यांपैकी कोणता, हे विचारलेच पाहिजे. उतरण्याचा निर्णय मुख्यतः दुसऱ्या आकड्यावर होतो.

हा आकडा देणारी यंत्रे धावपट्टीलगत, साधारण अडीच मीटर उंचीवर असतात. जुन्या पद्धतीत दोन खांबांमध्ये प्रकाशझोत सोडून पलीकडे किती पोचला ते मोजतात. नव्या पद्धतीत धुक्याच्या थेंबांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात. दोन्ही यंत्रांच्या काचा मळतात, पण परिणाम उलट होतो. पहिल्या यंत्राची काच मळली की प्रकाश कमी पोचतो आणि यंत्र धुके आहे त्याहून दाट दाखवते. दुसऱ्याची मळली की विखुरलेला प्रकाशही कमी दिसतो, म्हणजे धुके विरळ वाटते, आणि ही चूक धोक्याच्या बाजूची. त्यामुळे नव्या यंत्रात काचेचा मळ मोजून दुरुस्ती करण्याची सोय असते आणि काच पुसण्याचे वेळापत्रक काटेकोर पाळावे लागते. विमानतळाच्या कारभारावर लिहिताना वार्ताहरांनी हे वेळापत्रक जरूर मागावे.

आता ‘त्यांचे विमान उतरले, आमचे का नाही?’ हा प्रश्न. यंत्रांच्या साहाय्याने उतरण्याच्या श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत उतरायचे की परत वर जायचे, हा निर्णय २०० फुटांवर घ्यायचा असतो आणि धावपट्टी दृश्यता किमान ५५० मीटर लागते. दुसरीत १०० फूट आणि ३०० मीटर. तिसरी त्याहूनही खाली जाते. त्यासाठी विमानतळाची उपकरणे व दिवे, विमानातली यंत्रणा आणि वैमानिकांचे त्या श्रेणीचे प्रशिक्षण, तिन्ही त्या दर्जाचे हवे. यातले एक कमी पडले की विमानाला आधीच्या, जास्त दृश्यता मागणाऱ्या श्रेणीत यावे लागते. एकाच कंपनीच्या, एकाच बनावटीच्या दोन विमानांतही हा फरक पडतो, कारण एखाद्यात त्या दिवशी एक उपकरण नादुरुस्त असू शकते.

याला आणखी एक नियम जोडलेला आहे. विमानतळाच्या वर १००० फुटांपर्यंत उतरण्याआधी कळवलेली दृश्यता किमान मर्यादेखाली गेली, तर विमानाला त्याखाली उतरता येत नाही. १००० फूट ओलांडल्यावर ती घटली, तर निर्णयाच्या उंचीपर्यंत जाता येते, आणि तिथे आवश्यक दिवे दिसले तर उतरता येते. धावपट्टीकडे तीन मिनिटांच्या अंतराने येणारी दोन विमाने डोळ्यांपुढे आणा. पहिल्याने १००० फूट ओलांडले तेव्हा आकडा ५५० होता. दुसरे १२०० फुटांवर असताना तो ५०० झाला. पहिले उतरले, दुसरे परत वर गेले. दोघांनीही नियम पाळला आणि दोघांचाही निर्णय बरोबर होता.

‘आम्हाला खिडकीतून धावपट्टी स्पष्ट दिसत होती’ ही तक्रारही खरी असते. जमिनीलगतचा धुक्याचा थर पुष्कळदा काही मीटरच जाड असतो. वरून सरळ खाली पाहताना नजर तेवढाच थर भेदते, म्हणून सगळे दिसते. उतरताना नजर तिरकी होत जाते, शेवटी जवळजवळ आडवी, आणि त्याच थरातून तिला शेकडो मीटर जावे लागते. वरून दिसणारी धावपट्टी अगदी चाके टेकायच्या क्षणी नाहीशी होते. वैमानिकांना या फसवणुकीबद्दल प्रशिक्षणात बजावून सांगतात. प्रवाशांना कोणीच सांगत नाही.

धुक्याचा अंदाज अवघड का, तेही लिहिले जावे. तापमान आणि दवबिंदू यांतले अंतर अर्ध्या अंशाने कमी-जास्त झाले, वारा दोन नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) सहा नॉट झाला किंवा पहाटे वर पातळ ढग सरकला, की धुके ठरल्यापेक्षा दोन तास मागेपुढे होते. सूर्य उगवला की धुके लगेच विरते, हा समजही पुरता बरोबर नाही. पहिल्या किरणांनी जमिनीलगतची हवा किंचित हलते, खालचा ओला थर वर मिसळतो आणि धुके विरण्याआधी काही काळ आणखी दाट होते. वरून उंच ढगांचे आवरण आले तर विरणे आणखी लांबते.

टॅफ वाचताना सर्वाधिक चुका ‘टेम्पो’ आणि ‘प्रॉब’ या दोन शब्दांवर होतात. ‘टेम्पो १४०६/१४१० ३००० टीएसआरए बीकेएन०१५ एससीटी०२५सीबी’ असे लिहिले असेल, तर अर्थ असा : १४ तारखेला ६ ते १० या वेळेत गडगडाटी पाऊस येऊन दृश्यमानता ३००० मीटर होईल, निम्म्याहून अधिक आकाश १५०० फुटांवरच्या ढगांनी भरेल आणि २५०० फुटांवर गडगडाटी ढग असतील, पण प्रत्येक सर एका तासापेक्षा कमी टिकेल आणि सगळ्या सरी मिळून चार तासांपैकी दोन तासांपेक्षा कमी भरतील. म्हणजे सात वाजता येणाऱ्या विमानाला सर लागेल किंवा लागणारही नाही. दिवसभराचा पाऊस असा त्याचा अर्थ नाही, आणि ‘पाऊस पडलाच नाही’ असे साडेसातला ओरडण्यातही अर्थ नाही. याउलट ‘बेकमिंग’ म्हणजे बदल होईल आणि टिकेल.

‘प्रॉब३०’ म्हणजे ३० टक्के शक्यता. असे लिहिलेल्या दहा दिवसांपैकी तीन दिवशी धुके पडले, तर अंदाज अचूक. दहाही दिवशी पडले, तर अंदाजकर्ता चुकला. म्हणून एका दिवसावरून ‘प्रॉब३०’ बरोबर किंवा चूक ठरवता येत नाही, आणि बातमी मात्र एका दिवसाचीच असते. टॅफमध्ये ३० आणि ४० हे दोनच आकडे येतात. ३० पेक्षा कमी शक्यता लिहिण्याइतकी महत्त्वाची मानत नाहीत. ५० किंवा त्याहून जास्त वाटली तर ‘प्रॉब’ न वापरता बदल सरळ नोंदवतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या हवामानविषयक परिशिष्टात स्पष्ट म्हटले आहे की अंदाजातला आकडा म्हणजे त्या काळातले सर्वांत संभाव्य मूल्य समजावे. किती अचूकता अपेक्षित आहे, तेही तिथे दिले आहे : वाऱ्याची दिशा २० अंशांच्या आत, वेग ५ नॉटच्या आत, दृश्यमानता ८०० मीटरपर्यंत असेल तेव्हा २०० मीटरच्या आत, हे सारे ८० टक्के वेळा, ढगांच्या तळाची उंची १००० फुटांपर्यंत असेल तेव्हा १०० फुटांच्या आत, ७० टक्के वेळा. म्हणजे पाचातला एक अंदाज या पट्ट्याबाहेर जाणार, हे गृहीतच धरलेले आहे. विमानात जादा इंधन घालतात ते याच हिशेबाने. जेट विमानात मुक्कामापर्यंतचे इंधन, त्यावर सर्वसाधारणपणे ५ टक्के जादा, पर्यायी विमानतळापर्यंतचे, आणि वर ३० मिनिटे घिरट्या घालता येतील एवढा शेवटचा साठा. ‘टेम्पो’ दिसला की कप्तान त्यात आणखी भर घालतो. ही भर फुकट नसते, कारण जास्तीचे इंधन वाहून नेण्यातच त्यातले काही जळते. वळवलेले विमान म्हणजे फसलेले नियोजन, हा सूर त्यामुळे मला मान्य नाही. पर्यायी विमानतळावर सुखरूप उतरलेले विमान हे नियोजन कामी आल्याचे उदाहरण आहे.

‘आकाश स्वच्छ होते’ याचे दुसरे उत्तर अंतरात आहे. टॅफ विमानतळाभोवती सुमारे ८ किलोमीटर त्रिज्येपुरता बोलतो. उतरण्याचा मार्ग त्याहून कितीतरी लांब असतो. ३० किलोमीटरवर गडगडाटी ढग उभा असेल, तर विमानतळावर ऊन असूनही विमाने अडतात, कारण तीव्र वादळापासून २० सागरी मैल, म्हणजे ३७ किलोमीटर दूर राहावे, असा प्रचलित सल्ला आहे. मार्गावरच्या अशा धोक्यांसाठी सिग्मेट नावाची वेगळी सूचना निघते. आणि निघण्याच्या शहरात ऊन असताना विमान दोन तास उभे असते, ते बहुधा पोचण्याच्या विमानतळावरच्या धुक्यामुळे. दाट धुक्यात उतरण्याच्या यंत्रणेचे संकेत बिघडू नयेत म्हणून धावपट्टीलगतचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो, दोन विमानांतले अंतर वाढवावे लागते आणि तासाला उतरणाऱ्या विमानांची संख्या घटते. हवेत घिरट्या घालण्यापेक्षा जमिनीवर थांबणे बरे.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. ‘ताशी ६७ किलोमीटरचे वारे’ असे छापून काहीच कळत नाही. दिशा आणि धावपट्टी हवी. हाच, म्हणजे ३६ नॉटचा, वारा समोरून आला तर उतरायला मदतच होते. तोच धावपट्टीशी ६० अंशांचा कोन करून आला, तर आडवा घटक ३१ नॉट होतो आणि बऱ्याच विमानांच्या मर्यादेजवळ जातो. कोन ३० अंश असेल तर वेगाच्या निम्मा, ४५ असेल तर सुमारे ७० टक्के, हा हिशेब कोणत्याही वार्ताहराला तोंडी करता येईल. आणखी एक : मेटारमधला वारा दहा मिनिटांच्या सरासरीचा आणि भौगोलिक उत्तरेवरून मोजलेला असतो, नियंत्रण मनोरा वैमानिकाला सांगतो तो दोन मिनिटांचा आणि चुंबकीय उत्तरेवरून. दोन आकडे जुळले नाहीत म्हणून कोणी लपवाछपवी केली, असे होत नाही.

अपघातानंतर तर जवळच्या वेळेचा मेटार काढून ‘हवामान ठीक होते’ असे लिहू नये ही कळकळीची विनंती. गडगडाटी ढगाखाली हवेचा जो जोरदार लोट जमिनीवर आदळतो, त्याचा पसारा चार किलोमीटरहून कमी असतो आणि सर्वांत जोराचा टप्पा काही मिनिटांत सरतो. दोन अहवालांच्या मधल्या फटीत तो येऊन जातो. विमान त्यात शिरले की आधी समोरचा वारा वाढून वेग वाढल्यासारखे वाटते, मग एकदम मागून वारा येतो आणि पंखांची उचल नाहीशी होते. २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर असेच झाले आणि १३७ जण मृत्युमुखी पडले. अमेरिकी तपासयंत्रणेने कारणांमध्ये वैमानिकांच्या निर्णयाबरोबरच वाऱ्याच्या या धोक्याची तत्क्षणी नेमकी माहिती न मिळणे हेही नोंदवले. मेटार तत्क्षणी माहिती देण्यासाठी घडवलेलाच नाही. त्यासाठी धावपट्टीभोवतालचे वारामापक, रडार आणि विमानातली इशारा यंत्रणा असते.

सगळ्यांत दुर्लक्षित आकडा दाबाचा. बातमीत तो कधीच येत नाही. क्यू१०१३ मधला आकडा वैमानिक उंचीमापकात लावतो. एक हेक्टोपास्कलची चूक म्हणजे सुमारे २८ फुटांची चूक, दहाची म्हणजे जवळपास २८० फुटांची. अहवालात दाब नेहमी खालच्या पूर्णांकावर आणतात, १००५.९ असला तरी १००५ लिहितात, कारण त्यामुळे उंचीमापक थोडी कमी उंची दाखवतो आणि चूक सुरक्षित बाजूला राहते. २३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर नियंत्रकाने १००१ ऐवजी १०११ सांगितले. पावसाळी ढगांत दाबाच्या आधारे उतरणारे विमान धावपट्टीच्या अलीकडे जमिनीपासून अवघ्या सहा फुटांपर्यंत आले आणि मग वर गेले. कोणालाही इजा झाली नाही. ऐकण्या-बोलण्यातल्या एका अंकाने हे होते, म्हणून वैमानिक नियंत्रकाचा आकडा परत म्हणून दाखवतो आणि मेटारशी ताडून पाहतो.

हवामानाच्या मोबाइल अ‍ॅपवरचे ढगाचे चित्र या कशाचीही जागा घेऊ शकत नाही. ते शहराच्या परिसरासाठी संगणकाने काढलेले मूल्य असते. ढगांचा तळ किती फुटांवर आहे किंवा धावपट्टीच्या टोकाला किती दिसते, ते त्यात नसते. मेटार आणि टॅफ मात्र अनेक संकेतस्थळांवर खुले असतात आणि वर दिलेल्या खुणांवरून पाच मिनिटांत वाचता येतात. आपल्या वृत्तविभागातल्या एकाने तरी ते शिकून घ्यावे. मग बातमी अशी लिहिता येईल :

‘सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी मुख्य धावपट्टीवरची दृश्यता ५५० मीटरवरून ४०० मीटरवर आली. उतरण्यासाठी किमान ५५० मीटरची गरज असलेली चार विमाने पर्यायी विमानतळावर गेली. ३०० मीटरपर्यंत उतरण्याची सोय आणि प्रशिक्षण असलेली विमाने उतरत राहिली. रात्री दिलेल्या अंदाजात या वेळेत धुक्याची ४० टक्के शक्यता नोंदवलेली होती.’

आपला,
विमान हवामानशास्त्राचा एक अध्यापक